ऑटरहाउंड : पाण्यावरचा माग काढणारा दुर्मीळ कुत्रा

इंग्लंड आणि दक्षिण स्कॉटलंडच्या नद्यांकाठी एकाच कामासाठी पिढ्यानपिढ्या वाढवलेला ऑटरहाउंड आज जगातील सर्वांत दुर्मीळ श्वानजातींपैकी एक आहे. जगभरातील सारे ऑटरहाउंड एकत्र मोजले तरी त्यांची संख्या हजाराच्या आतच भरते, असे मानले जाते. त्याचे काम होते पाणमांजराची शिकार. ते काम कायद्याने बंद होऊन चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे आणि ते बंद झाले हे योग्यच झाले. मात्र त्या कामाने घडवलेले नाक, पंजे, केस, आवाज आणि स्वतःच्या बुद्धीने चालण्याची सवय या कुत्र्यात अजून जशीच्या तशी आहे. त्याची निगा राखणाऱ्याला ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या जुन्या कामातच सापडते.

शिकारी कुत्रा म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम मराठवाड्यातला कारवान किंवा पश्मी, नाहीतर बागलकोटकडचा मुधोळ येतो. ही सारी नजरेवर धावणारी कुत्री आहेत. सडपातळ अंग, खोल छाती, लांब पाय आणि दूरवरचा ससा हलताक्षणी टिपणारे डोळे हे त्यांचे भांडवल, आणि शिकार नजरेआड झाली की त्यांचे काम बहुधा संपते. वासावर माग काढणाऱ्या कुत्र्यांचे काम याच्या नेमके उलट चालते. शिकार दिसत नसते, कित्येकदा ती तिथून जाऊन काही तास उलटलेले असतात, आणि कुत्र्याला जमिनीवर उरलेल्या गंधाच्या आधाराने ती कुठून कुठे गेली हे उलगडायचे असते. त्यासाठी वेगापेक्षा चिकाटी महत्त्वाची ठरते. ब्लडहाउंड, बीगल आणि फॉक्सहाउंड या अशाच जाती आहेत. ऑटरहाउंडचे वेगळेपण असे की त्याला हा माग जमिनीवर काढावा लागे, तसाच पाण्यातही काढावा लागे.

पाणमांजर मुख्यतः रात्री हिंडते आणि दिवस उजाडला की काठावरच्या झाडाच्या मुळांखाली किंवा दगडांच्या कपारीत शिरून झोपते. त्यामुळे शिकारी मंडळी सकाळीच नदीकाठी येत आणि आदल्या रात्रीचा शिळा माग कुत्र्यांना हुडकायला लावत. पाणमांजर ठरावीक दगडांवर विष्ठा टाकून आपली हद्द दाखवते. माशांचे खवले आणि काटे मिसळलेली ती उग्र वासाची विष्ठा माग सुरू करायला उपयोगी पडे. एकदा पाणमांजर उठले आणि पाण्यात शिरले की खरी कसोटी लागे. पाण्याखालून पोहताना ते श्वास सोडते आणि त्याचे बुडबुडे वर येऊन फुटतात. त्याच्या अंगाचा गंध त्या बुडबुड्यांबरोबर पृष्ठभागावर येऊन प्रवाहाबरोबर खाली वाहत जातो. ऑटरहाउंड नाक पाण्याच्या पातळीला टेकवून पोहतो, हा तरंगता गंध पकडतो आणि तो जिथून आला त्या दिशेने प्रवाहाविरुद्ध वर सरकतो. ही शिकार वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंतच चाले, कारण हिवाळ्यात तिथले पाणी इतके थंड असते की माणसांना आणि कुत्र्यांना तासन्तास त्यात राहणे शक्य नसते.

या कामाची ओळख पटली की त्याच्या शरीराची ठेवण लगेच उमगते. नर खांद्यापाशी सुमारे ६९ सेंटीमीटर उंच आणि सुमारे ५२ किलो वजनाचा असतो, तर मादी सुमारे ६१ सेंटीमीटर आणि ३६ किलोच्या आसपास भरते. पंजे मोठे, गोल आणि जाड गादीचे असतात. उभा असताना ते आवळलेले दिसतात, पण बोटे फाकवली की त्यांच्यामधला पातळ पडदा स्पष्ट दिसतो, आणि श्वानजातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबच्या प्रमाणवर्णनात तो दिसलाच पाहिजे, अशी अट आहे. अंगावरचे वरचे केस ४ ते ८ सेंटीमीटर लांब, राठ आणि विस्कटलेले असतात. त्यांच्याखाली लोकरीसारखा दाट थर असतो, आणि दोन्ही थरांना किंचित तेलकटपणा असल्यामुळे थंड पाणी कातडीपर्यंत सहजासहजी पोहोचत नाही. कान लांब असून डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे बरेच खाली जोडलेले असतात. त्यांची पुढची कड आतल्या बाजूला वळते, त्यामुळे कान घडी घातलेल्या कापडासारखा लोंबतो, आणि ही घडी या जातीची ठळक खूण मानली जाते. साध्या चालीत हा कुत्रा पाय ओढत, डुलत चालल्यासारखा वाटतो. त्यावरून तो आळशी आहे असे समजणाऱ्याला त्याने दुडकी चाल धरताच आपले मत बदलावे लागते, कारण ती लांब टांगांची चाल तो न थकता टिकवून धरतो.

नाकाचे काम थोडे थांबून समजून घेण्याजोगे आहे. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी काही दशलक्ष असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या कोट्यवधी असतात. फरक मात्र केवळ संख्येचा नाही. कुत्रा हुंगतो तेव्हा आत आलेल्या हवेचे दोन भाग होतात. मोठा भाग श्वासासाठी फुप्फुसांकडे जातो आणि छोटा भाग नाकाच्या मागच्या टोकाशी, हाडांच्या नाजूक वेटोळ्यांनी भरलेल्या कप्प्यात शिरतो. उच्छ्वासाचा झोत या कप्प्यातून जात नाही, त्यामुळे तिथे आलेला गंध लगेच धुऊन निघत नाही. शिवाय सोडलेली हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून बाहेर पडते, म्हणून समोर जमिनीवर असलेला गंध फुंकरीने उडून जात नाही. दमट, थंड सकाळी माग जास्त वेळ टिकतो, आणि कोरड्या उन्हात किंवा वाऱ्यात तो लवकर विरतो. आपल्या कुत्र्याला आज माग लागतो आणि उद्या लागत नाही, याचे कारण पुष्कळदा हवेत असते, कुत्र्यात नसते.

ही जात किती जुनी आहे, याविषयी उत्साहाने बरेच लिहिले जाते. इ.स. १२१२ मधील इंग्रज राजदरबाराच्या नोंदींत किंग जॉनच्या पाणमांजर-शिकाऱ्यांचा आणि त्यांच्या कुत्र्यांचा उल्लेख आहे. मठांच्या आणि सरदारांच्या मत्स्यतळ्यांतील मासे पाणमांजरे फस्त करीत, म्हणून त्यांना उपद्रवी ठरवले गेले होते. परंतु त्या काळचे कुत्रे म्हणजे आजचा ऑटरहाउंड असे समजणे बरोबर होणार नाही. आजचे रूप स्थिरावले ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात राठ केसांच्या फ्रेंच ग्रिफॉन हाउंडांचे रक्त मिसळलेले आहे. याच शतकात यॉर्कशरमधील एअर नदीच्या खोऱ्यात ऑटरहाउंड आणि स्थानिक टेरियर यांच्या संकरातून एअरडेल टेरियर ही जात घडली. ती पुढे जगभर पसरली आणि तिचा हा पूर्वज मात्र मागे राहिला.

ऱ्हासाचे कारण केवळ शिकारबंदी नव्हे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ब्रिटनमध्ये बियाण्यांवर आणि मेंढ्यांच्या औषधी न्हाणात डिल्ड्रिनसारखी कीटकनाशके वापरली जाऊ लागली. ती नद्यांत उतरली, माशांच्या चरबीत साठली आणि मासे खाणाऱ्या पाणमांजरांच्या शरीरात गोळा झाली. त्या दशकाच्या अखेरीस पाणमांजरांची संख्या झपाट्याने घटली, आणि ही घट पुढे अभ्यासकांना स्पष्ट दिसली ती शिकारी ताफ्यांनीच वर्षानुवर्षे लिहून ठेवलेल्या नोंदींमधून. १९७८ च्या आरंभी इंग्लंड आणि वेल्समध्ये पाणमांजराला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि त्यानंतर काही वर्षांत स्कॉटलंडमध्येही ते लागू झाले. २०११ पर्यंत पाणमांजर इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात पुन्हा दिसू लागले होते. कोकणातील खाड्यांत किंवा गोव्यात चोडणच्या परिसरात पाणमांजरांची जोडी पाहिलेल्या कोणालाही या वार्तेचा आनंदच होईल.

शिकार थांबली तेव्हा शुद्ध ऑटरहाउंडांचे जेमतेम दोन ताफे उरले होते : लेक डिस्ट्रिक्टमधील केंडलचा आणि स्कॉटलंडमधील डम्फ्रीसशरचा. इतर ताफ्यांत फॉक्सहाउंड आणि संकरित कुत्री मिसळलेली होती, आणि त्यांतील काही ताफे पुढे फर-उद्योगाच्या पिंजऱ्यांतून निसटलेल्या अमेरिकन मिंक या पाणमांजराच्या लहान नातलगाच्या मागे लागले. या दोन ताफ्यांतील कुत्री हळूहळू खासगी पाळणाऱ्यांच्या घरी आणि केनेल क्लबच्या नोंदवहीत आली नसती, तर ही जात तेव्हाच संपली असती. आज केनेल क्लब वर्षाला ३०० पेक्षा कमी पिल्लांची नोंद होणाऱ्या देशी जातींना संकटग्रस्त मानतो, आणि ऑटरहाउंड त्या यादीत अगदी तळाच्या जातींमध्ये असतो.

ताफ्यात वाढलेल्या पूर्वजांचा स्वभाव घरातल्या कुत्र्यात दिसतो. माणसांशी आणि इतर कुत्र्यांशी तो मोकळा, प्रेमळ आणि सहसा भांडणापासून दूर राहणारा असतो, त्यामुळे राखणदार म्हणून त्याचा उपयोग थोडाच. पण दर पावलाला मालकाच्या तोंडाकडे पाहणारा कुत्रा ज्याला हवा आहे, त्याने ऑटरहाउंडच्या वाटेला जाऊ नये. माग काढणाऱ्या कुत्र्याने शिकाऱ्यापासून दूर, पाण्याच्या पलीकडच्या काठावर, स्वतःच निर्णय घ्यावेत अशीच त्याची निवड होत आली आहे. म्हणून नाकाला गंध लागला की त्याला मागून आलेली हाक ऐकू येत नाही, असे वाटू लागते. हा उद्धटपणा समजून शिक्षा करणारा मालक त्याचा विश्वास गमावतो आणि पदरात काही पडत नाही. खाण्याचे बक्षीस, छोटे धडे आणि न कंटाळता केलेली उजळणी यांनी तो शिकतो, मात्र वयात येऊनही त्याचे पोरकट वागणे बराच काळ टिकते. उघड्या माळावर त्याला पट्ट्याशिवाय सोडू नये. दहा मीटरची लांब दोरी आणि छातीला बसणारा पट्टा वापरावा, आणि घराभोवती माणसाच्या उंचीचे, खालून उकरून बाहेर पडता येणार नाही असे कुंपण असावे. त्याचा आवाज खोल, घुमणारा आणि नदीच्या खोऱ्यात दूरवर ऐकू जाण्यासाठी जपलेला आहे. सोसायटीतल्या घरात तो शेजाऱ्यांना कितपत मानवेल, याचा विचार पिल्लू आणण्यापूर्वी व्हायला हवा.

रोज दोनदा लांब फिरणे आणि आठवड्यातून काही वेळा पोहणे ही त्याची किमान गरज आहे. याहूनही त्याला समाधान देते ते नाकाचे काम. एखाद्या माणसाचा रुमाल ठेवून घेऊन त्याला पुढे पाठवावे, अर्ध्या तासाने कुत्र्याला त्या रुमालाचा वास द्यावा आणि माग काढू द्यावा. एवढ्या खेळानेही हा कुत्रा तासभराच्या धावण्याइतका थकतो. वाढत्या वयातल्या पिल्लाला मात्र जिने चढायला, उंचावरून उड्या मारायला किंवा सायकलबरोबर धावायला लावू नये, कारण या जातीत खुब्याच्या सांध्याचा विकार बराच आढळतो आणि कोपराचा विकारही दिसतो. खुब्याची ठेवण आनुवंशिक असली, तरी पिल्लाचे वजन आटोक्यात ठेवल्याने पुढचा त्रास खरोखर कमी होतो. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेला आहार द्यावा, आणि हाडे मजबूत व्हावीत म्हणून वरून कॅल्शियम देण्याचा मोह टाळावा. जादा कॅल्शियम मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडे बिघडवते.

केसांची निगा दिसते तितकी कठीण नाही, पण ती नेमाने करावी लागते. आठवड्यातून एकदा कातडीपर्यंत पोहोचेल असा रुंद दातांचा कंगवा फिरवावा, विशेषतः कानांमागे, काखेत आणि पायांच्या खालच्या भागात, जिथे मऊ केसांचे गठ्ठे होतात. यंत्राने केस भादरले तर राठ वरचा थर नीट येत नाही, आणि वारंवार शाम्पू लावला तर पाणी अडवणारे तेल धुऊन जाते. चिखल वाळू द्यावा आणि झटकावा, हेच बहुतेक वेळा पुरेसे असते. दाढीचे तेवढे वेगळे आहे. हा कुत्रा पाणी पितो तेव्हा तोंड भांड्यात खोल बुडवतो, आणि मग ती निथळती दाढी घेऊन घरभर फिरतो. जेवणानंतर दाढी पुसली नाही तर अन्न अडकून तिथे दुर्गंधी येते आणि कातडी लाल होते. लोंबत्या, केसाळ कानांत हवा खेळत नसल्यामुळे पोहून आल्यावर ते आतून कोरडे करावेत आणि आठवड्याला एकदा हुंगून पाहावेत. आंबूस वास, तपकिरी मळ किंवा सारखे डोके झटकणे दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्याकडे जावे. बोटांमधल्या पडद्यात गवताची कुसळे रुततात आणि आत सरकत जातात, म्हणून फिरून आल्यावर बोटे फाकवून पाहण्याची सवय कुत्र्याला पिल्लूपणीच लावावी.

एक आजार मात्र असा आहे की त्यात दिवसांची नव्हे, तासांची किंमत असते. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोट वायूने फुगते आणि कधी कधी स्वतःभोवती पीळ खाते. तसे झाले की रक्तपुरवठा तुटतो आणि शस्त्रक्रियेवाचून कुत्रा वाचत नाही. उलटीचा जोर येतो पण काही बाहेर पडत नाही, लाळ गळते, पोट ताठरते आणि कुत्रा एका जागी बसत नाही, अशी लक्षणे दिसली तर रात्र असो वा दिवस, तत्काळ निघावे. दिवसाचे अन्न दोन-तीन वेळांत विभागून द्यावे आणि जेवणानंतर तासभर धावपळ होऊ देऊ नये. पोट आतून बरगडीच्या बाजूला टाके घालून बांधण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रियाही करता येते, आणि ज्यांच्या नात्यात हा आजार झाला आहे अशा कुत्र्यांसाठी तिचा गंभीरपणे विचार करावा.

भारतात हा कुत्रा आणावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट नकार हे आहे. दाट, तेलकट, दुहेरी केसांचा हा प्राणी थंड पाण्यासाठी घडलेला आहे. मुंबईची दमट हवा किंवा विदर्भाचा उन्हाळा त्याला बारमाही वातानुकूलित खोलीत कोंडून ठेवेल. परदेशांत थंड हवेच्या प्रदेशात, अंगण असलेल्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांची गोष्ट वेगळी आहे. मात्र त्यांनाही पिल्लासाठी वर्ष-दोन वर्षे वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागेल, कारण मोजकीच पिल्ले जन्माला येतात.

संख्या कमी असण्याचा सर्वांत खोल परिणाम दिसतो तो आनुवंशिकतेत, आणि तो समजावण्यासाठी या जातीतला एक रक्ताचा विकार उत्तम उदाहरण आहे. त्याचे नाव ग्लान्झमान थ्रॉम्बॅस्थेनिया. जखम झाली की रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट्स) तिथे जमतात आणि एका प्रथिनाच्या धाग्यांनी परस्परांना घट्ट धरून गुठळी करतात. या विकारात बिंबाणूंच्या पृष्ठभागावर तो धागा पकडणारी रचनाच नसते किंवा निकामी असते, त्यामुळे विटा आल्या पण चुना नाही अशी स्थिती होते आणि रक्त थांबत नाही. पिल्लाचे दुधाचे दात पडू लागले की हिरड्यांतून बराच वेळ रक्त वाहत राहते, आणि घरच्यांच्या लक्षात येते ते बहुधा तेव्हाच. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी या दोषाचे जनुक शोधून काढले आणि त्याची चाचणी उपलब्ध झाली.

हा दोष अप्रभावी स्वरूपाचा आहे. म्हणजे आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले तरच पिल्लू आजारी पडते. एकाकडूनच मिळाले तर ते स्वतः निरोगी राहते, पण दोषाचे वाहक असते. दोन वाहकांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लू आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक आणि पूर्ण निर्दोष अशी जोडी लावली तर एकही पिल्लू आजारी होत नाही, फक्त सरासरी निम्मी पिल्ले वाहक निघतात. इथे स्वाभाविकपणे सुचणारा उपाय असा की सारे वाहक प्रजननातून काढून टाकावेत. लाखो कुत्री असलेल्या जातीत ते कदाचित परवडेल. काही शेकड्यांच्या जातीत मात्र हा उपाय मूळ दुखण्याहून घातक ठरू शकतो. प्रत्येक वाहकाकडे हे एक सदोष जनुक असते, पण त्याबरोबर सुमारे वीस हजार इतर जनुकेही असतात, आणि त्यांतील काही रूपे कदाचित दुसऱ्या कोणत्याच कुत्र्यात उरलेली नसतात. वाहकांना वगळले की उरलेल्या थोड्या कुत्र्यांतच पुन्हा पुन्हा जोड्या लागतात, नाती जवळची होत जातात आणि आजवर लपलेले दुसरेच दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन प्रकट होतात. म्हणून चांगल्या गुणांच्या वाहकाला निर्दोष जोडीदार द्यावा, झालेल्या पिल्लांची चाचणी करावी आणि त्यांतून शक्यतो निर्दोष पिल्लू पुढच्या पिढीसाठी निवडावे. अशा रीतीने दोन-तीन पिढ्यांत दोष मागे पडतो आणि बाकीचा वारसा टिकतो.

याच कारणासाठी प्रदर्शनात जिंकलेल्या एखाद्याच देखण्या नराला सगळ्या माद्या दाखवण्याची प्रथा या जातीत विशेष घातक आहे. एका नराची दहा वेतांतली पिल्ले म्हणजे पुढच्या पिढीतल्या बहुतेक जोड्या सावत्र भावंडांच्या, हे गणित कोणालाही सुटेल. त्यापेक्षा अनेक नरांकडून प्रत्येकी एक-दोनच वेते घ्यावीत आणि गोठवून साठवलेल्या वीर्याच्या मदतीने ब्रिटन, अमेरिका व युरोपातील वंशरेषा एकमेकींशी जोडाव्यात, हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. तेही अपुरे पडले तर फ्रेंच ग्रिफॉनसारख्या नातलग जातीशी मोजका संकर करण्याचा प्रश्न कधीतरी उघडपणे चर्चेला घ्यावा लागेल, असे मला वाटते. डाल्मेशियन जातीत लघवीतील खड्यांचा दोष घालवण्यासाठी १९७३ मध्ये अमेरिकेत पॉइंटर जातीशी एकच संकर करण्यात आला होता. त्यापुढच्या पिढ्यांत जोड्या पुन्हा डाल्मेशियनशीच लागत गेल्या, आणि अनेक वर्षांच्या विरोधानंतर त्या वंशाला अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांतील केनेल क्लबांनी नोंदणी दिली.

तोवर प्रत्येक मालकाच्या हाती असलेले काम लहान आणि ठरलेले आहे. आपल्या कुत्र्याची रक्तदोषाची चाचणी आणि खुब्यांचे एक्स-रे करून निकाल चांगला असो वा वाईट, जातीच्या आरोग्य-नोंदीत कळवावा. पशुवैद्याने हरकत घेतली नसेल, तर पैदास करणाऱ्याशी बोलण्यापूर्वी नसबंदीची घाई करू नये. आणि कुत्रा गेल्यावर त्याचे वय व मृत्यूचे कारणही त्याच नोंदीत लिहून पाठवावे, कारण त्याच्या भावंडांच्या जोड्या ठरवताना ती माहिती लागणार असते.